शेवटच्या थेंबाची फुंकर

त्या खोलीत दिवसाढवळ्या अंधार पाळलेला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये ऊन पसरलेलं असायचं, माणसं डबे घेऊन गप्पा मारत जायची, आणि आत मात्र खिडक्यांना काळा कागद, दाराला दुहेरी पडदा, टेबलावर एकच लाल दिवा. लाल उजेडात माणसाचे ओठ दिसत नाहीत, ही गोष्ट तिथं नव्यानं आलेल्याला सगळ्यात आधी जाणवते. समोरचा बोलतो तेव्हा चेहऱ्याच्याच रंगाची एक फट उघडते आणि मिटते. जुनी माणसं म्हणत, होते सवय. बाईंचं सगळं आयुष्य त्या खोलीत गेलं, पण त्यांना काही ती झाली नव्हती. आत कुणी बोलू लागलं की त्या हातातल्या काचेकडं बघत.

बाई म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. निवृत्तीला आलेल्या. त्या गेल्या की काळे कागद निघणार होते, भिंतींना पांढरा रंग लागणार होता आणि तिथं कुणाचं तरी ऑफिस होणार होतं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. पण त्या खोलीत एक माणूस खोटा ठरला होता, आणि खोली मोडण्याआधी तो खरा ठरावा, एवढी एकच इच्छा त्यांनी धरून ठेवली होती. तो माणूस म्हणजे त्यांचे सर.

सर आणि बाई पिंजरे बनवत. डोळ्यांना न दिसणारे, रेणूंचे पिंजरे. रुथेनियम नावाच्या धातूचे अणू कोपऱ्यांवर, त्यांना जोडणाऱ्या लांबट रेणूंच्या दांड्या, आणि मधे पोकळी. त्या पोकळीत एखादा चिमुकला रेणू जाऊन बसतो. पिंजऱ्याला ही मंडळी यजमान म्हणतात आणि आत बसणाऱ्याला पाहुणा. पाहुणा मोठा चिवट. अंधार आहे तोवर हलत नाही. निळा उजेड पडला की धातूची एक गाठ सुटते, दार उघडतं आणि पाहुणा हवेत निघून जातो. लाल उजेडाला ती गाठ दाद देत नाही, म्हणून तो दिवा.

या यजमानांची एक खोड असते. पाहुणा आल्याशिवाय ते घर बांधायलाच घेत नाहीत. आधी पाहुणा मधे येऊन उभा राहतो, मग त्याच्याभोवती भिंती जुळतात. रिकामं घर बांधून वाट बघत बसणं निसर्गाला परवडत नाही, असं सर स्वतःच शिकवायचे. आणि त्याच सरांनी एके दिवशी जाहीर केलं, की आपला एक पिंजरा पाहुण्याशिवाय जुळतो. दोन साधी द्रावणं नळीत एकत्र करायची, काळ्या कापडाखाली ठेवायची; सकाळी तळाशी गडद लाल, जवळजवळ काळे स्फटिक.

ते खरोखर यायचे. बाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. फक्त ते सरांच्याच हातून यायचे. तीच द्रावणं, तीच भांडी, तोच दिवा, पण बाईंनी केलं की सकाळी नळीत नुसतं नारिंगी पाणी. "सरांना हातगुण आहे," असं सगळे हसत म्हणायचे. एखाद्याच्या हातचं रोप लागतं, एखाद्याच्या हातचं नाही, तसं. हातगुण हा शब्द शास्त्रज्ञाच्या बाबतीत कौतुकाचा नसतो हे सरांना कळत असणारच, पण त्या वर्षी ते जरा हवेतच होते. अंगानं वाळत चालले होते, जेवण तुटलं होतं. सगळ्यांना वाटायचं, कामाचा ध्यास.

दुसऱ्या एका विद्यापीठात याच विषयातले एक बडे अभ्यासक होते. त्यांना माघारी सगळे शंकासुर म्हणत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हे थंड पाणीही फुंकून पिणाऱ्यांतले. त्यांनी सरांचा प्रयोग आपल्याकडं पुन्हा पुन्हा करून पाहिला, एकदाही स्फटिक आले नाहीत, आणि त्यांनी छापून टाकलं की असा पदार्थ अस्तित्वातच नाही. खोटेपणा हा शब्द त्यांनी वापरला नव्हता. सुज्ञास सांगणे न लगे. सरांनी नमुने पाठवले, पण वाटेत कुणी पाकीट उघडलं, कुणी दिव्याखाली धरलं, आणि पोचेपर्यंत स्फटिकांची पिवळी माती झालेली. जो पुरावा दाखवायला नेला की मरतो, तो दाखवायचा कसा?

त्याच वर्षी सर गेले. त्यांचे डोळे पिवळे झाले होते. पण दिवसभर लाल उजेडात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा पिवळेपणा कुणाला दिसणार? दिसला तेव्हा वेळ निघून गेली होती. यकृत. सरांबरोबर हातगुणही गेला. त्यानंतर त्या खोलीत ते स्फटिक कधी कुणाला आले नाहीत.

खोली मोडणार ही बातमी कुठून तरी काकूंच्या कानावर गेली. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. एका सकाळी त्या आल्या, दारातल्या खुर्चीवर दम खात बसल्या, आणि पिशवीतून सरांचा एक जुना लोकरी मोजा काढून बाईंच्या हातात दिला. मोज्यात काळ्या कागदाची गुंडाळी होती आणि गुंडाळीत बोटाएवढी काचेची नळी, दोन्ही तोंडं आचेवर वितळवून बंद केलेली.

"हे म्हणाले होते, उजेडात नेऊ नकोस," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं हिवाळी कपड्यांत ठेवली होती. आता माझ्यामागं कोण बघणार? तू बघ."

बाईंनी पडद्याआड जाऊन लाल दिव्याखाली कागद सोडवला. तळाशी स्फटिक होते. काळपट, टोकदार, काल केल्यासारखे. मग बाहेर येऊन त्यांनी काकूंना जे खरं ते सांगितलं. यात सर खरे होते की खोटे ते कळेल, पण त्यासाठी हे उघडावं लागेल. उघडलं की संपलं. परत बंद होत नाही. काकूंनी मोज्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली, आणि म्हणाल्या, की मग मीही आत येते.

नळीचं एक तोंड फोडून बाईंनी ते बारीक रबरी नळीनं शेजारच्या यंत्राला जोडलं. हवेत कुठले रेणू आहेत ते हे यंत्र तोलून सांगतं. दुसऱ्या बाजूनं त्यांनी निळा दिवा लावला. लाल खोलीत तो निळा ठिपका एखाद्या छिद्रासारखा दिसत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग स्फटिकांच्या कडा फिकट होऊ लागल्या, काळ्याचं लाल झालं, लालचं नारिंगी, आणि शेवटी नळीच्या तळाशी पिवळट भुकटी उरली. यंत्राच्या पडद्यावर, जिथं सरांच्या म्हणण्यानुसार काहीच उमटायला नको होतं, तिथं एक उंच रेघ उभी राहिली.

पिंजरा रिकामा नव्हता. आत पाहुणा होता. गंधकाचं एक चिमुकलं संयुग, जे त्या इमारतीत कुणी कधी मागवलं नव्हतं.

बाई रेघेकडं बघत राहिल्या. सर खोटे नव्हते, चुकले होते, एवढं तर झालं. पण हा आला कुठून? सांगता येत नसेल तर शंकासुर म्हणणार, भांडी घाण होती. तेवढ्यात मागं काकूंनी रबरी नळी हळूच सोडवून काच नाकाशी नेली होती. बाई अडवणार होत्या, पण काकूंचा चेहरा बघून थांबल्या.

"अगं, हा तर उशीचा वास," काकू म्हणाल्या.

"कुठल्या उशीचा?"

"ह्यांच्या. शेवटच्या वर्षातला. गोडसर, कुबट, बंद कपाटात फळ विसरावं तसा. मी अभ्रे उकळून धुवायची, उन्हात टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. यांना म्हटलं तर हसायचे, म्हणायचे, मला काहीच येत नाही."

बाईंनी काच घेऊन वास घेतला. क्षीण, ओला वास. आणि तो त्यांच्याही ओळखीचा निघाला. लाल उजेडात त्या नळीवर वाकलेल्या असत, सर मागून खांद्यावरून डोकावत, "आलं का काही?" विचारत, तेव्हा हाच वास यायचा. त्यांना वाटायचं, खोली कोंदट आहे.

काकूंनी त्यांच्याकडून ती नळी परत मागून घेतली आणि वास जाईपर्यंत हातात धरून बसल्या. तो गेला तेव्हा त्यांनी ते सांगितलं नाही. फक्त नळी टेबलावर ठेवली.

बाईंची नणंद डॉक्टर होती, यकृताच्या वॉर्डातली. त्या संध्याकाळी ती जेवायला आली होती आणि नेहमीप्रमाणं भावाची खेचत होती, की वहिनी निवृत्त झाली की घरातही काळे कागद लावेल, तुला दिवसा दिवे लावावे लागतील. बाईंनी तिला मधेच थांबवून त्या संयुगाचं नाव सांगितलं आणि विचारलं, की हे माणसाच्या श्वासात असतं का.

नणंद हसायची थांबली. "वहिनी, तुला कुठं भेटलं हे?"

बाईंनी सगळं सांगितलं. नणंद म्हणाली, की आमच्या वॉर्डातल्या नर्ससुद्धा हा वास ओळखतात. थोडंफार तर सगळ्यांच्याच श्वासात असतं, पण नाकाला कळेल इतकं असलं म्हणजे यकृत हात वर करायला लागलंय. ते जे अडवायचं ते अडवत नाही, आणि ते मग फुप्फुसांतून बाहेर पडतं. ज्याचं त्याला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला कळतं. मग तिनं ताटातला घास तसाच ठेवून विचारलं, "पण श्वासातलं तुझ्या बंद नळीत कसं गेलं? त्यांनी काय तोंडानं फुंकलं त्यात?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईंनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. सर जुन्या वळणाचे. द्रावण मोजून ओतायची काचेची पिपेट ते तोंडानं ओढायचे, सरबताच्या नळीसारखी, आणि सोडताना टोकाशी अडकलेला शेवटचा थेंब फुंकून टाकायचे. "शेवटच्या थेंबाला फुंकर घालावी लागते, नाहीतर माप अपुरं," हे त्यांचं वाक्य. बाईंच्या पिढीला तोंड लावायची बंदी झाली. एकानं आम्ल गिळलं होतं, त्यानंतर सगळ्यांना पिपेटला लावायचे रबरी फुगे मिळाले. सरांनी फुगा कधी हातात धरला नाही. म्हणजे सरांच्या प्रत्येक नळीत सरांचा श्वास जात होता, बाईंच्या नळीत नाही. हातगुण कसला, आजार होता. डॉक्टरांना कळायच्या कितीतरी आधी तो त्या नळ्यांना कळला होता, आणि त्या रोज सकाळी तो काळ्या अक्षरात सांगत होत्या. वाचणाऱ्यांना वाटत होतं, यश आहे.

पुढचं सोपं होतं. बाईंनी त्या संयुगाची बाटली मागवली, द्रावणात सुईच्या टोकाएवढं घातलं, काळं कापड टाकलं. सकाळी स्फटिक होते. विरजण लागावं तसं थोडक्यावर सगळं जमलं होतं: पहिले काही पिंजरे पाहुण्याभोवती जुळतात, मग त्यांच्यावर बाकीचे बसत जातात. बाईंनी सगळं लिहून शंकासुरांनाच पाठवलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, पण इथं न दाबताच उघडलं. ते म्हणाले, मी येतो. माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे.

ते आले ते भली मोठी पेटी घेऊन. द्रावणं स्वतःची, पाणी स्वतःचं, भांडी स्वतःची. बाईंच्या खोलीतली काचही त्यांना नको होती. उंच, वाकलेले, तोंडात पेपरमिंटची गोळी, आणि बोलणं पूर्वीसारखंच तिरकं. बाईंनी चहाचं विचारलं तर म्हणाले, की तुमच्याकडचं काही पोटात घेणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ. मग स्वतःच हसले. बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं तो येत होता. पण समोर एक थकलेला म्हातारा माणूस पेटीचे खटके उघडत बसला होता.

लाल दिव्याखाली त्यांनी एकेक नळी भरली. पहिलीत बाईंच्या म्हणण्याप्रमाणं पाहुणा घालून. दुसरीत पाहुण्याशिवाय, रबरी फुग्यानं. मग त्यांनी पेटीतून एक जुनी पिपेट काढली, वर्षानुवर्षांच्या ओठांनी टोक गुळगुळीत झालेली.

"तुमच्या सरांनी लेखात पाहुण्याचं काही लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा तिसरी त्यांच्या पद्धतीनं. मीही तोंडानंच शिकलोय. तेव्हा पडताळून बघताना मी फुगा वापरला होता, नव्याचं कौतुक म्हणून. आता ती शंका तरी कशाला ठेवा?"

त्यांनी पेपरमिंट काढून कागदात गुंडाळलं, पाण्यानं चूळ भरली, आणि पिपेट ओठांत धरली. लाल उजेडात ओठ दिसत नव्हते. काचेची नळी चेहऱ्यातच रुतल्यासारखी दिसत होती. द्रावण चढलं, उतरलं. शेवटच्या थेंबाला त्यांनी फुंकर घातली. बारीक, ओली शीळ वाजली. बाई एकदम दचकल्या. तो आवाज त्यांनी त्या खोलीत सर गेल्यापासून ऐकला नव्हता, आणि क्षणभर त्यांना खात्रीनं वाटलं, की आता खांद्यावरून कुणीतरी विचारणार, आलं का काही?

कुणी विचारलं नाही. शंकासुरांनी नळ्यांवर काळं कापड टाकलं, चारही कडांना स्वतःच्या सहीच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि ते मुक्कामाला गेले.

सकाळी त्यांनी स्वतःच पट्ट्या तोडल्या. पहिल्या नळीत स्फटिक. दुसऱ्या नळीत नारिंगी पाणी, स्वच्छ. तिसरीत स्फटिक. पहिलीपेक्षा जास्त. तळापासून वर चढलेले, काचेला धरून उभे राहिलेले.

ते बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ झाले आणि त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला. "म्हातारा खरं बोलत होता," ते म्हणाले. "पाहुणा लागत नाही, बाई. माझ्या हातून बिनपाहुण्याचे आलेत. तुमचं ते गंधक निघालं निकालात. उगाच सुतावरून स्वर्ग गाठलात. मी आजच लिहितो, तुमचे सर शंभर टक्के बरोबर होते, मी चुकलो. माझ्या हातानं लिहितो."

आणि ते मोकळी हवा खायला कॉरिडॉरमध्ये गेले.

बाई आत उभ्या राहिल्या. हेच तर त्यांना हवं होतं. त्याहून जास्त. सर खरे, नुसते खरे नाहीत, शंभर टक्के खरे, आणि ते लिहिणार कोण, तर खुद्द शंकासुर. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी तिसऱ्या नळीतले चार स्फटिक चिमट्यानं काढले, यंत्रासमोर ठेवले आणि निळा दिवा लावला. काळ्याचं लाल झालं, लालचं नारिंगी. ती रेघ त्याच जागी उभी राहिली. यंत्रही चुकू शकतं, म्हणून त्यांनी भुकटी नाकाशी नेली. बंद कपाटात विसरलेलं फळ.

त्या पडदे सारून बाहेर आल्या. शंकासुर खिडकीशी उन्हात उभे होते, तोंडात नवं पेपरमिंट. इतक्या वेळात बाईंनी त्यांना पहिल्यांदाच खऱ्या उजेडात नीट पाहिलं. डोळ्यांच्या कडेला, पांढऱ्यात, जुन्या कागदाचा रंग होता. फार नाही. शोधणाऱ्यालाच दिसेल इतका.

"तुमच्या नळीतही पाहुणा आहे," बाई म्हणाल्या.

ते वळले. बाईंनी सांगितलं. उशीचं सांगितलं, नणंदेनं सांगितलेलं सांगितलं, रेघ सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. त्यांच्या डोळ्यांबद्दल मात्र बोलता आलं नाही.

"पेपरमिंट असेल," ते म्हणाले.

"यंत्राला विचारलं. पेपरमिंट नाही."

"माझी पिपेट घाण असेल."

"असेल. पण पेटीत दुसरी आहे. तिच्यानं करून बघता?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धुवत होतं, ते तिकडं बघत राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रत्येक म्हणण्यात फट शोधली, तो आता आपल्यासाठी एक शोधत होता, आणि ती सापडत नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"माझी बायको," ते शेवटी म्हणाले, "उन्हाळ्यापासून दुसऱ्या खोलीत झोपते. म्हणते, तुम्ही घोरता." खिशातून त्यांनी पेपरमिंटचा पुडा काढून बघितला, जणू तो तिथं कसा आला ते आत्ता उमगत होतं. "मी कधी घोरलो नाही, बाई. आणि हे रोज सकाळी खिशात तीच ठेवते."

बाईंनी तिथूनच नणंदेला फोन लावला.

नणंदेनं त्यांना दाखल करून घेतलं. वेळेत आले म्हणायचं की उशिरा, हे इतक्यात सांगता येत नाही, असं तिनं संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, आणि त्या दिवशी तिनं भावाची खेचली नाही.

शंकासुरांनी पलंगावर बसून लिहायचं ते लिहिलं. पदार्थ आहे, सर प्रामाणिक होते, पाहुणा श्वासातून गेला. पण पाठवण्याआधी त्यांनी बाईंना फोन केला, आणि आवाज क्षीण असला तरी सूर तोच होता. म्हणाले, की एक नळी राहिलीय. आजारी माणसाच्या फुंकरीनं स्फटिक येतात, हे दाखवलं. निरोगी माणसाच्या फुंकरीनं येत नाहीत, हे कुठं दाखवलंय? ते नसेल तर कुणीही म्हणेल, नुसती थुंकी पुरते. आणि असं म्हणणारा पहिला मी असतो.

ते बरोबर होतं. बाईंना ते आधीच सुचलं होतं आणि त्यांनी ते मागं ढकललं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायचं? सगळ्या इमारतीत आता ही गोष्ट पसरली होती. लोक त्या खोलीच्या दारावरून जाताना बोलणं थांबवत. आत काम करणाऱ्या मुली नळीवर वाकताना तोंडावर रुमाल धरत. कुणी म्हणत नव्हतं, पण श्वास रोखून काम करणारी माणसं दुरूनही ओळखू येतात.

बाईंनी एकटीनं नळी भरली. पिपेट ओठांत धरली. काच थंड होती आणि तिला कसलीच चव नव्हती. शेवटचा थेंब टोकाशी लटकत राहिला. त्यांनी डोळे मिटून फुंकर घातली, कापड टाकलं, आणि त्या घरी गेल्या. घरी नवऱ्याला त्यांनी जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, की माझ्या उशीला कसला वास येतो का. तो म्हणाला, साबणाचा. मग थोड्या वेळानं म्हणाला, का गं?

सकाळी त्या लाल दिव्याखाली कापडासमोर उभ्या होत्या, आणि हात पुढं होत नव्हता. शेवटी त्यांनी फोन लावला. पलीकडं शंकासुर जागेच होते.

"उघडलंत?"

"नाही अजून."

"उघडा. शंका ठेवू नये."

बाईंनी कापड उचललं. नळी उचलून दिव्यासमोर धरली, तिरकी केली, तळ बघितला, पुन्हा बघितला. नारिंगी पाणी. तळाशी काही नाही. त्यांचा श्वास इतक्या जोरात सुटला, की काचेवर धुकं आलं.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "सर खरे ठरले."

पलीकडून काही वेळ फक्त श्वासोच्छ्वास ऐकू येत होता. लाल खोलीत, कानाशी धरलेल्या फोनमधून, तो अगदी खांद्याशी असल्यासारखा वाटत होता.

"सर ठरले," शंकासुर म्हणाले. "त्यांचं झालं. पण तुमचं आजचं झालं, बाई. उद्याचं कुठं झालंय?"

फोन ठेवल्यावर बाई दिवा मालवायला गेल्या. बटणावर बोट ठेवून थांबल्या. खोली मोडायला अजून अवकाश होता, द्रावणं उरली होती, पिपेट समोरच पडली होती. त्यांनी नवी नळी घेतली, धुतली, पुसली. शेवटच्या थेंबाशी येऊन त्यांनी फुंकर घातली आणि काळं कापड ओढून घेतलं.